होस्ट प्रमाणपत्रे बसवताना: साध्या किल्लीकडे गुपचूप परतणाऱ्या एसएसएचचा माग

मी ज्या संगणक प्रयोगशाळेची यंत्रणा सांभाळतो, तिथे चाळीसएक लिनक्स सर्व्हर आहेत आणि त्यांवर काम करणारे विद्यार्थी दरवर्षी बदलत असतात. नवा विद्यार्थी पहिल्यांदा एखाद्या सर्व्हरशी एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याच्या प्रणालीने, जोडणी करतो, तेव्हा या होस्टची (म्हणजे त्या सर्व्हरची) ओळख पटवता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा अमुक आहे, जोडणी पुढे चालू ठेवायची का, असा प्रश्न त्याच्या पडद्यावर येतो. तो ठसा कशाशी ताडून पाहायचा हे त्याला कुणी सांगितलेले नसते, म्हणून तो ‘येस’ लिहितो आणि पुढे जातो. पुढे कधी त्या सर्व्हरवर नव्याने कार्यप्रणाली बसवली की त्याच विद्यार्थ्याला होस्टची ओळख बदलल्याचा मोठ्या अक्षरांतला इशारा दिसतो, आणि ओळखीच्या सर्व्हरांच्या किल्ल्या नोंदवणाऱ्या नोन_होस्ट्स फाइलमधली जुनी ओळ पुसून टाकण्याचा सल्ला त्याला शेजारच्या टेबलावरून मिळतो. एसएसएच ही प्रणाली तातू युलोनेन यांनी १९९५ साली लिहिली, ती हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठ या त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. आपण खऱ्या सर्व्हरशीच बोलत आहोत याची खात्री हा तिचा पाया आहे, आणि तो पाया आमच्याकडे रोज एका शब्दाने बाजूला सारला जात होता. खासगी सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे आमचे स्वतःचे प्रमाणन प्राधिकरण, उभे करून प्रत्येक सर्व्हरला होस्ट प्रमाणपत्र देण्याचे काम मी त्यासाठी हाती घेतले.

ही कल्पना नवी नाही. एसएसएचच्या रचनेचे वर्णन करणाऱ्या २००६ सालच्या आरएफसी ४२५१ या दस्तऐवजात विश्वासाच्या दोन पद्धती सांगितल्या आहेत: एकीत प्रत्येक होस्टची किल्ली वापरकर्त्याच्या संगणकावर नोंदलेली असते, आणि दुसरीत वापरकर्त्याला केवळ प्राधिकरणाची किल्ली ठाऊक असते व होस्टची किल्ली त्या प्राधिकरणाने प्रमाणित केलेली असते. ओपनएसएसएच या एसएसएचच्या मुक्त स्रोत रूपात मार्च २०१० च्या ५.४ या आवृत्तीपासून त्याचा स्वतःचा प्रमाणपत्राचा साचा आहे. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या एक्स.५०९ प्रमाणपत्रांशी त्याचा संबंध नाही आणि त्यात मधल्या प्राधिकरणांची साखळीही नसते. एक किल्ली दुसऱ्या किल्लीवर स्वाक्षरी करते, एवढ्यावरच ती रचना थांबते. मला ही साधी रचना मनापासून आवडते, कारण शोध घेताना तपासण्याच्या जागा मोजक्या राहतात.

मांडणीचा भाग थोडक्यात सांगतो. नेटवर्कला न जोडलेल्या एका लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन हा किल्ल्या बनवणारा कार्यक्रम वापरून प्राधिकरणाची किल्ली तयार केली आणि तिला सांकेतिक वाक्याचे कुलूप घातले. प्रत्येक सर्व्हरची सार्वजनिक होस्ट किल्ली पेन ड्राइव्हवरून तिथे नेली आणि ‘एच’ हा पर्याय देऊन, म्हणजे हे प्रमाणपत्र वापरकर्त्याचे नसून होस्टचे आहे असे नमूद करून, तिच्यावर स्वाक्षरी केली. याच वेळी सर्व्हरची नावे आणि वैधतेचा काळ द्यावा लागतो. तयार झालेली फाइल सर्व्हरवर परत ठेवून एसएसएचडी या सर्व्हरवरच्या कार्यक्रमाच्या मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) ‘होस्टसर्टिफिकेट’ या निर्देशाने तिचा मार्ग लिहिला, आणि वापरकर्त्यांच्या संगणकांवर नोन_होस्ट्समध्ये ‘@सर्ट-अथॉरिटी’ या खुणेने सुरू होणारी एकच ओळ घातली: *.लॅब.इंटर्नल या नावांच्या होस्टांसाठी अमुक प्राधिकरणावर विश्वास ठेवावा. (‘इंटर्नल’ हा शेवट इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने जुलै २०२४ मध्ये खासगी नेटवर्कांसाठी कायमचा राखून ठेवला, त्यामुळे हे नाव उद्या दुसऱ्या कुणाला विकले जाईल ही धास्ती उरली नाही.)

एवढे झाल्यावर पहिल्या सर्व्हरवर जोडणी केली, ती विनातक्रार झाली. दुसऱ्यावरही झाली. तिसऱ्यावर नव्या विद्यार्थ्याच्या संगणकावरून जोडणी केली, तेव्हा ठशाचा तोच जुना प्रश्न पुन्हा पडद्यावर आला.

इथे होस्ट प्रमाणपत्रांचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. प्रमाणपत्र ग्राह्य ठरले नाही म्हणून ओपनएसएसएच जोडणी तोडत नाही. ते प्रमाणपत्र बाजूला ठेवते, त्याच्या पोटातली साधी होस्ट किल्ली काढते आणि जणू प्रमाणपत्र कधी नव्हतेच अशा रीतीने पुढची पडताळणी करते. ती साधी किल्ली वापरकर्त्याच्या फाइलमध्ये पूर्वीपासून नोंदलेली असेल तर जोडणी सुरळीत होते. म्हणजे माझ्या स्वतःच्या संगणकावरून झालेल्या पहिल्या दोन यशस्वी जोडण्यांनी काहीच सिद्ध झालेले नव्हते. त्या प्रमाणपत्रामुळे झाल्या की जुन्या नोंदीमुळे, हे बाहेरून सांगता येत नव्हते.

त्यामुळे तपासणीची एक ठरावीक पद्धत आधी निश्चित केली. वापरकर्त्याची नोन_होस्ट्स फाइल म्हणून डेव्ह-नल ही कायम रिकामी फाइल द्यायची, सामाईक फाइल म्हणून केवळ प्राधिकरणाची एक ओळ असलेली फाइल द्यायची, आणि ‘स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग’ हा पर्याय ‘येस’ ठेवायचा. या स्थितीत जुन्या नोंदीचा आधार उरत नाही आणि प्रश्न विचारण्याची मुभाही उरत नाही. प्रमाणपत्र खरोखर चालत असेल तरच जोडणी होते. ही पद्धत सर्व सर्व्हरांवर चालवल्यावर कळले की सुमारे निम्म्या ठिकाणी प्रमाणपत्राचा उपयोगच होत नव्हता, आणि त्यांतल्या बहुतेक सर्व्हरांबद्दल आजवर कुणाचीही तक्रार आलेली नव्हती.

नापास झालेल्या सर्व्हरांचा सर्वांत मोठा गट एकाच कारणाचा निघाला. जोडणी करताना ‘व्ही’ हा पर्याय दोनदा दिला की दोन्ही बाजू एकमेकांना कोणकोणत्या पद्धती देऊ करतात त्याची यादी दिसते. निरोगी सर्व्हरच्या यादीत होस्ट किल्लीच्या प्रकारांमध्ये ‘सर्ट-व्ही०१’ असे शब्द असलेले नाव येते. या गटातल्या सर्व्हरांच्या यादीत ते नव्हतेच. प्रमाणपत्राची फाइल जागेवर होती, मांडणीत तिचा मार्ग बरोबर होता, नोंदवहीत (लॉगमध्ये) एकही तक्रार नव्हती, आणि तरीही सर्व्हर ते प्रमाणपत्र पुढे करत नव्हता. मग त्याच सर्व्हरवर दुसऱ्या पोर्टवर एसएसएचडीची आणखी एक प्रत सर्वांत बोलक्या पातळीवर, म्हणजे ‘डी’ हा पर्याय तीनदा देऊन चालवली, तेव्हा एक ओळ सापडली: हा किल्लीप्रकार ‘होस्टकीअल्गोरिदम्स’ने अनुमत केलेला नाही.

सर्व्हर बळकट करण्यासाठी पूर्वी एक छोटी फाइल एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमध्ये ठेवलेली होती, आणि तिच्यात होस्ट किल्लीचा एकच प्रकार मंजूर केलेला होता: एड२५५१९. त्या वेळी हेतू योग्यच होता, जुने व दुबळे प्रकार बंद करणे हा. पण ओपनएसएसएचच्या हिशेबी साधी एड२५५१९ किल्ली आणि तीच किल्ली प्रमाणपत्रासह, हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत आणि त्यांची नावेही वेगळी आहेत. यादीत दुसरे नाव नसेल तर प्रमाणपत्र वाचले जाते, स्मृतीत ठेवले जाते आणि कधीच वापरले जात नाही. ही बाब सर्वांत खोल पातळीच्या नोंदीतच सांगितली जाते, हे मला आजही खटकते. ज्या प्रशासकाने प्रमाणपत्राचा मार्ग मुद्दाम मांडणीत लिहिला आहे, त्याला ते वापरले जाणार नसल्याचे नेहमीच्या नोंदवहीत कळायला हवे. यादीत प्रमाणपत्राच्या प्रकाराचे नाव साध्या प्रकाराच्या आधी घातले आणि हा संपूर्ण गट एका झटक्यात सुटला. अनेक फाइलींतून मिळून बनलेली मांडणी शेवटी काय ठरते हे पाहायचे असेल, तर एसएसएचडीला मोठा ‘टी’ हा पर्याय द्यावा; प्रत्यक्षात लागू असलेली प्रत्येक किंमत तो छापतो. फाइली एकेक उघडून वाचण्यापेक्षा तो मार्ग निर्धोक आहे, कारण बहुतेक निर्देशांच्या बाबतीत पहिल्यांदा वाचलेली किंमत टिकते आणि नंतरची दुर्लक्षित होते. हाच दोष वापरकर्त्याच्या बाजूनेही असू शकतो. काही विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या मांडणीत किल्लीप्रकारांची अशीच तोकडी यादी होती.

दुसरा गट नावांचा होता, आणि त्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला.

इथे दोन वेगवेगळ्या जुळण्या होतात. वापरकर्त्याने जे नाव टंकले ते आधी ‘@सर्ट-अथॉरिटी’ ओळीतल्या नमुन्याशी जुळावे लागते, आणि नंतर तेच नाव प्रमाणपत्रात लिहिलेल्या नावांपैकी, म्हणजे प्रिन्सिपलांपैकी, एकाशी जुळावे लागते. नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा त्या नावाचा काय अर्थ लावते याला या जुळणीत स्थान नाही. आमच्याकडे कुणीही पूर्ण नाव लिहीत नाही; ‘गणित३’ एवढेच लिहितात आणि संगणक शोध-डोमेन जोडून योग्य ठिकाणी पोहोचतो. पण ‘गणित३’ हे *.लॅब.इंटर्नल या नमुन्यात बसत नाही, त्यामुळे प्राधिकरणाची ओळ विचारातच घेतली जात नाही. काही सर्व्हरांच्या बाबतीत उलट होते: नमुना जुळत होता, पण प्रमाणपत्रात फक्त आखूड नाव लिहिलेले होते.

या दुसऱ्या प्रकारात पडद्यावर येणारे संदेश वाचताना सावध राहावे लागते. आधी येते की होस्ट ओळखीचा आहे आणि त्याचे प्रमाणपत्र जुळते. मग येते की प्राधिकरणाची किल्ली अमुक फाइलच्या अमुक ओळीत सापडली. त्यानंतर ‘सर्टिफिकेट इनव्हॅलिड: नेम इज नॉट अ लिस्टेड प्रिन्सिपल’, आणि लगेच खाली ‘नो मॅचिंग सीए फाउंड. रिट्राय विथ प्लेन की’. म्हणजे दोन ओळींपूर्वी सापडलेले प्राधिकरण आता सापडले नाही असे तोच कार्यक्रम सांगतो. शेवटची ओळ वाचून शोध सुरू केला तर माणूस प्राधिकरणाच्या किल्लीची अक्षरे पुन्हा पुन्हा ताडत बसतो, जिथे काहीच बिघडलेले नसते. ती ओळ केवळ मागे फिरण्याची घोषणा आहे. प्रमाणपत्र कोणत्याही कारणाने नाकारले गेले तरी ती येते. खरे कारण तिच्या वरच्या ओळीत असते, आणि वर कारणाची ओळच नसेल तरच प्राधिकरण सापडले नसल्याचे धरावे.

उपाय दोन बाजूंनी केले. प्रमाणपत्रात पूर्ण आणि आखूड अशी दोन्ही नावे घालायला सुरुवात केली, आणि वापरकर्त्यांच्या मांडणीत ‘कॅनॉनिकलाइझहोस्टनेम’ सुरू करून ‘कॅनॉनिकलडोमेन्स’मध्ये आमचे डोमेन लिहिले. जानेवारी २०१४ च्या ६.५ आवृत्तीपासून ही सोय आहे, आणि तिच्यामुळे टंकलेले आखूड नाव पडताळणीपूर्वीच पूर्ण होते. घरून काम करणाऱ्यांसाठी मात्र एवढे पुरले नाही. ते आधी एका दुव्याच्या सर्व्हरवर येतात आणि तिथून ‘प्रॉक्सीजंप’ने आत जातात, आणि अशा मध्यस्थ जोडणीत ‘येस’ ही किंमत नाव पूर्ण करत नाही. तिथे ‘ऑलवेज’ लिहावे लागते. हा फरक पुस्तिकेत स्पष्ट दिलेला आहे, पण एकाच विद्यार्थ्याची जोडणी प्रयोगशाळेतून होते आणि घरून होत नाही हे लक्षण पाहिल्यावर संशय पहिल्यांदा दुव्याच्या सर्व्हरवर जातो, आणि आम्हीही बराच काळ त्यालाच तपासत राहिलो.

रात्रीच्या स्वयंचलित कामांमध्ये सर्व्हरांचे आयपी पत्ते लिहिलेले होते. प्रमाणपत्रात आयपी पत्ता घालता येतो आणि नमुन्यातही देता येतो, पण तसे करू नये असे मी ठरवले. पत्ता एका मशीनकडून दुसऱ्याकडे जातो, आणि वर्षभर वैध असलेल्या प्रमाणपत्रात असा फिरता तपशील गोठवून ठेवणे मला पटले नाही. कामांच्या याद्यांमध्येच पत्त्यांच्या जागी नावे घातली.

आभासी मशीनच्या प्रतींचा दोष त्या मानाने लवकर सापडला. एका साच्यावरून नवे मशीन तयार करताना क्लाउड-इनिट हे पहिली मांडणी करणारे साधन जुन्या होस्ट किल्ल्या पुसून नव्या बनवते, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या साच्यातली प्रमाणपत्राची फाइल तशीच राहिली होती. मग नोंदवहीत ‘नो मॅचिंग प्रायव्हेट की फॉर सर्टिफिकेट’ असा संदेश येतो आणि सेवा प्रमाणपत्राविना सुरू होते. साच्यातून ती फाइल काढून टाकली.

अल्गोरिदमचा प्रश्न एका जुन्या गणनसमूहावर आला. त्या समूहासाठी पूर्वी एक वेगळे प्राधिकरण होते, त्याची किल्ली आरएसए या प्रकारची होती आणि स्वाक्षऱ्या सेंटओएस ७ या लिनक्सवरच्या ओपनएसएसएच ७.४ ने केलेल्या होत्या. त्या काळचे एसएसएच-कीजेन आरएसए प्राधिकरणाची स्वाक्षरी शा-१ या मजकुराचा सारांश काढण्याच्या पद्धतीवर आधारित करत असे. फेब्रुवारी २०२० च्या ८.२ आवृत्तीपासून ओपनएसएसएच अशी स्वाक्षरी असलेली प्रमाणपत्रे स्वीकारत नाही, त्यामुळे उबुंटू २०.०४ किंवा त्यापुढच्या संगणकावरून पाहिले की ती सारी निरुपयोगी ठरत होती, तर जुन्या संगणकांवरून ती बिनदिक्कत चालत होती. प्रमाणपत्रांच्या बाबतीत ही कडक भूमिका आधी घेण्यामागचे कारण मला पटते. शा-१ मध्ये दोन वेगळ्या मजकुरांचा सारखा सारांश बनवण्याचा हल्ला तेव्हा पन्नास हजार डॉलरांपेक्षा कमी खर्चात शक्य असल्याचे दाखवले गेले होते. नेहमीच्या जोडणीत हल्लेखोराला सर्व्हर लॉगिनसाठी जेवढा वेळ देतो तेवढाच मिळतो. प्रमाणपत्रासाठी मात्र तो कितीही दिवस निवांत गणित करत बसू शकतो. त्या समूहाचे जुने प्राधिकरण बंद केले आणि तिथल्या सर्व होस्टांना आमच्या एड२५५१९ प्राधिकरणाची प्रमाणपत्रे दिली.

घड्याळाचा दोष शोधायला अवघड होता, कारण तो आपोआप नाहीसा होत असे. स्वाक्षरीचा लॅपटॉप यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेला आहे. वैधतेचा आरंभ नेमक्या तारीख-वेळेने लिहिला, तर एसएसएच-कीजेन तो त्या मशीनच्या स्थानिक वेळेप्रमाणे घेते. भारतीय वेळ मनात धरून सकाळी दहा लिहिले की प्रमाणपत्र प्रत्यक्षात दुपारी साडेतीनला वैध होते. सकाळी बसवलेले प्रमाणपत्र ‘नॉट येट व्हॅलिड’ म्हणून नाकारले जायचे आणि जेवणानंतर तपासायला बसले की थोड्या वेळाने सारे ठीक दिसायचे. प्रमाणपत्र उलगडून दाखवणारा मोठा ‘एल’ हा पर्यायही स्थानिक वेळच छापतो, त्यामुळे एकच फाइल दोन संगणकांवर दोन वेगळ्या वेळा दाखवते. तेव्हापासून वैधता सापेक्ष रूपातच देतो: आत्तापासून काही मिनिटे मागे ते बावन्न आठवडे पुढे. मागची मिनिटे दोन संगणकांच्या घड्याळांतला किरकोळ फरक सामावून घेण्यासाठी असतात.

बॅकअप घेणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर याचेच दुसरे रूप दिसले. त्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की ते शेवटची जतन केलेली वेळ धरून सुरू होते आणि नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीने दुरुस्त होईपर्यंत भूतकाळात असते. लांबलेल्या वीजबंदीच्या काळात एखाद्या सर्व्हरचे प्रमाणपत्र नवे केलेले असेल, तर त्या पायच्या दृष्टीने ते अजून सुरूच झालेले नसते. बॅकअपचे काम वेळ जुळल्यानंतरच सुरू व्हावे अशी अट सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये घातली आणि हा दोष थांबला.

विंडोजवर पुट्टी हा एसएसएच कार्यक्रम वापरणाऱ्यांचा प्रश्न आवृत्तीचा होता. पुट्टीत ओपनएसएसएचची प्रमाणपत्रे ऑक्टोबर २०२२ च्या ०.७८ आवृत्तीपासून चालतात, आणि प्राधिकरणाची किल्ली तिथे होस्ट किल्ल्यांच्या पानावर स्वतंत्र नोंदवावी लागते. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर ती आवृत्ती बसवली. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपसाठी सूचनांचे एक पान लिहून दिले.

आता प्रत्येक प्रमाणपत्राचा वैधताकाळ वर्षाचा आहे आणि नूतनीकरण मुदतीच्या महिनाभर आधी होते. नवी फाइल ठेवल्यावर एसएसएचडीला मांडणी पुन्हा वाचायला लावली जाते, आणि प्रत्येक रात्री रिकाम्या नोन_होस्ट्सची तीच कडक तपासणी सर्व सर्व्हरांवर आपोआप चालते. एखादा सर्व्हर तिच्यात नापास झाला तर सकाळी मला त्याचे नाव, कारणाची ओळ आणि त्याने देऊ केलेल्या किल्लीप्रकारांची यादी ईमेलने मिळते. काढून टाकलेल्या सर्व्हरांच्या किल्ल्या ‘@रिव्होक्ड’ या खुणेने सामाईक फाइलमध्ये जातात. त्या खुणेची किल्ली समोर आली तर ओपनएसएसएच साध्या किल्लीकडे वळत नाही, जोडणीच नाकारते. जुन्या समूहातली दोन मशीन अजून या व्यवस्थेत यायची आहेत, कारण त्यांवर चालू असलेली गणिते संपल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. तोवर त्यांच्या साध्या किल्ल्यांचे ठसे छापून प्रयोगशाळेच्या दारावर लावले आहेत.